खंडेनवमीला बंद केलेलं बटण

पोरीनं लॅबच्या फ्रीझरचं दार उघडलं आणि आतून वाफ आली नाही.

सहा वर्षं मी ते दार उघडताना पाहत होते. उघडलं की पांढरी वाफ पायांवर उतरायची. त्या सोमवारी आतून फक्त ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. पोरीनं हातमोजे घातले नव्हते. उघडा हात आत घातला तर कातडी चिकटते म्हणून ती एरवी मलाच रागवायची. तिनं उघड्या हातानं वरचा कप्पा ओढला, त्यातली पेटी काढली. पेटीचा तळ भिजून सुटला आणि बोटाच्या पेराएवढ्या नळ्या फरशीवर घरंगळल्या. एक माझ्या पायाशी आली. मी उचलली तर आतलं पाणी हललं. ते दगडासारखं गोठलेलं असायला हवं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "हे कवापासून बंद आहे?"

माझ्या हातात पोछा होता. तासाभरापूर्वी मी आले तेव्हा फ्रीझरखाली पाणी साचलेलं होतं. मला वाटलं छत गळलं. मी ते पाणी टिपलं, बादलीत पिळलं आणि बाहेर मेंदीच्या कुंपणाला ओतून आले होते.

पोरगी फरशीवर बसून नळ्या वेचत होती. सगळ्या नाही. हिरव्या शाईचा ठिपका असलेल्या पाचच शोधत होती. पाचही सापडल्या. त्या तळहातावर घेतल्या आणि तिनं मूठ मिटली. त्या पाच नळ्यांत तिच्या बहिणीच्या रक्तातून काढलेलं प्रोटीन होतं. बहीण श्रावणात वारली होती.

मी भिंतीवरच्या लाल पट्टीच्या बटणाकडे गेले. ते चालूच होतं. पण त्यात फ्रीझरची पिन नव्हती. वायर हातानं धरत धरत गेले तर ती मागून वळून दुसऱ्या बोर्डाला लावलेली निघाली. त्या बोर्डाची सगळी बटणं बंद होती. बोर्डाच्या वर एक इंग्रजीत लिहिलेला कागद चिकटवला होता. मी बटण दाबलं. फ्रीझर घुरघुरला.

"नवमीपासून," मी म्हटलं. "मी बंद केलं."

आता हे सगळं कसं झालं ते सांगते.

माझं माहेर मेहकरकडचं. चौथीपर्यंत शाळा, मग शेत, मग लग्न. नवरा गेल्यावर मुलाच्या घरी नुसतं बसून राहणं जमलं नाही, म्हणून तालुक्याच्या गावी कॉलेजात कंत्राटावर लागले. आधी वऱ्हांडे झाडायचे. मग एका मॅडमनं मला आपल्या लॅबमध्ये घेतलं, कारण मी काच फोडत नव्हते. एवढीच माझी लायकी आणि ती खरी होती.

लॅबमध्ये काम काचा धुण्याचं. ते घरच्या भांड्यांसारखं नाही. साबण अगदी थोडा, मग सात पाण्यांनी धुवायचं आणि शेवटी यंत्रातून काढलेल्या शुद्ध पाण्यानं. पहिल्या महिन्यात मी चांगला जोर लावून साबणाचा फेस काढला. त्यात सगळ्यांचं आठवड्याचं काम वाया गेलं. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी मला शेजारी बसवून सांगितलं की साबणाचा अंश राहिला तर प्रोटीन मोडतं. त्याचा आकार जातो, आकार गेला की त्याचं काम जातं. तेव्हापासून मी सात म्हणजे सातच पाणी मोजत आले. ऊब लागलेलं प्रोटीनही तसंच मोडतं, हेही मला तेव्हाच सांगितलेलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

ही पोरगी मॅडमकडे पीएचडी करायला आली. वडनेर भोलजीच्या बाजूची, शेतकऱ्याची मुलगी. अंगानं किडकिडीत, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "मावशी, माह्या काचा वेगळ्या ठेवजा. दुसऱ्याच्या काचेवर माहा भरोसा नाही."

"माह्यावर आहे का?" मी विचारलं.

"पाहतो ना आता."

तिच्या घरात रक्ताचा आजार होता. ह्या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अडकतात, आणि माणूस हाडांच्या दुखण्यानं लोळतो. आमच्या भागात हा आजार लोकांना माहीत आहे, पण कोणी तोंडानं सांगत नाही, कारण मुलींची लग्नं अडतात. तिच्या आईला तो होता आणि थोरल्या बहिणीलाही. पोरीला स्वतःला अर्धा, म्हणजे अंगात आहे पण त्रास नाही. आणि गंमत अशी, की आईला उभ्या जन्मात चार-पाचदाच दवाखाना लागला. तिनं शेत केलं, दोन पोरी जन्माला घातल्या. बहीण मात्र दर दोन-तीन महिन्यांनी सलाईनवर. एकच आजार, एकच घर. आई काऊन जगते आणि ताई काऊन मरून राह्यली, हाच त्या पोरीचा अभ्यास होता. कागदावर त्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. खरं नाव हेच.

तिनं मला ते सांगितलं ते जेल चालू असताना. जेल म्हणजे दोन काचांच्या मध्ये ओतलेला पारदर्शक थर. खरवसासारखा थरथरतो. त्याच्या वरच्या कडेला खाचा असतात. खाचांत थेंब सोडायचे, वीज लावायची आणि दोन-अडीच तास थांबायचं. भोवती बर्फ लागतो, कारण गरम झालं की प्रोटीन डीएनएच्या धाग्यावरून सुटतं. बर्फ भरायचं काम माझं. थांबायच्या वेळात ती बोलायची.

"मावशी, पोटातल्या लेकराचं रक्त वेगळं असते. जन्मल्यावर सहा-आठ महिन्यांत ते बंद होते अन मोठ्या माणसाचं सुरू होते. आमच्या घरचा आजार त्या मोठ्या माणसाच्या रक्तात आहे."

"मंग लेकराचंच चालू राहू द्यावं."

ती हसली. "सारं जग तेच म्हणून राह्यलं, मावशी. तुमी उशिरा म्हटलं."

"मंग अडते कुठं?"

"लेकराच्या रक्ताची जी जागा आहे ना धाग्यावर, डीएनएवर, तिथं एक प्रोटीन येऊन बसते. बसलं की ते रक्त बंद. अशा बसणाऱ्यांले ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात."

"मी कुलूप म्हणीन."

"म्हणा. आईचं कुलूप ढिलं बसते असं मले वाटते. म्हणून तिच्या अंगात लेकराचं रक्त थोडं थोडं चालूच आहे. ताईचं घट्ट. पण वाटून काय उपयोग? दाखवा लागते."

दाखवायचं कसं, तर ह्या जेलवर. नुसता धागा हलका असतो, तो विजेबरोबर झपाट्यानं तळाला पळतो. ज्या धाग्यावर प्रोटीन बसलं तो जड, तो मागे वरच राहतो. शेवटी निळ्या उजेडात पाहिलं की पट्टे दिसतात, एक खाली, एक वर. मी म्हटलं, हे तर रिकाम्या गाडीचं आणि कपाशीनं भरलेल्या गाडीचं झालं. रिकामी कधीच पोचते. ती म्हणाली, "हाव, तेच. आता भरल्या गाडीत आणखी एक माणूस चढवायचा."

तो आणखी एक म्हणजे दुसरं प्रोटीन. कुलपाजवळ येणारं. ते कुलपाला आत दाबतं की उचकटून काढतं, हे तिला पाहायचं होतं. दाबलं तर वरचा पट्टा ठळक होणार. उचकटलं तर वरचा पट्टा पुसट होणार आणि खाली रिकाम्या धाग्याचा वाढणार. तिचा अंदाज होता की आईच्या अंगात हे उचकटणारं काम चालतं आणि ताईच्या अंगात काहीतरी वेगळं घडतं. मधे ती भलताच दुसरा धागाही भरपूर टाकून पाहायची, कुलूप फसतं का म्हणून. फसलं नाही तर ते खरं. खोट्या कडीत बसणारं कुलूप काय कामाचं?

बहिणीचं रक्त वर्षभरापूर्वी काढलेलं होतं. ते बाहेरच्या मोठ्या लॅबमध्ये नेऊन, त्यातल्या पेशी वाढवून, त्यांच्या आतलं प्रोटीन काढून पोरीनं बर्फाच्या डब्यात मांडीवर ठेवून आणलं होतं. आईचंही तसंच, आणि तिचं स्वतःचंही. तिघींच्या नळ्या उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये. तिघींचं जेल दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा बहिणीचा वरचा पट्टा ठळक आणि आईचा फिका. मी स्वतः पाहिलं. ती नाचली नाही. म्हणाली, "दोनदा दिसलं म्हणजे दिसलं नाही. तीनदा दिसलं तर दिसलं." तिसरं जेल त्या दुसऱ्या प्रोटीनसकट करायचं होतं. ते बाहेरून मागवलेलं होतं आणि दसऱ्यानंतर येणार होतं. त्यासाठी पाच नळ्या तिनं राखून ठेवल्या होत्या.

आणि श्रावणात बहीण गेली. छातीत दुखणं उतरलं, दोन दिवसांत संपली. पोरगी तेराव्यानंतर आली आणि तिनं पहिलं काम काय केलं, तर फ्रीझर उघडून त्या पाच नळ्यांवर हिरवा ठिपका दिला. तिच्या आईचा रोज संध्याकाळी फोन यायचा. शेवटी एक प्रश्न ठरलेला. मला ऐकू यायचा, कारण पोरगी फोन टेबलावर ठेवून काम करायची.

"ताईचं चालू आहे ना वं तिथं?"

"हाव आई. चालू आहे."

आई शिकलेली नाही. मुलीचं काहीतरी अजून कॉलेजात आहे, थंड जागेत आहे, त्याच्यावर काम होतंय, एवढंच तिला कळलं होतं आणि तेवढ्यावर ती दिवस काढत होती.

त्यांच्या घरी त्या वर्षी सण नव्हता. तरी मीच पोरीच्या मागे लागले. "जा माय घरी. तुही आई एकटी आहे. सणाच्या दिवशी एकट्या बाईनं काय करावं?"

"अन इथं कोण पाहीन?"

"मी मेली का?"

ती बुधवारी दुपारच्या एसटीनं गेली. जाताना म्हणाली, "मावशी, फ्रीझरकडं पाहाजा." मी म्हटलं, पाहतो. तेवढ्या भरवशावर ती गेली.

आमच्या माहेरी खंडेनवमीला सगळी अवजारं धुऊन एका ओळीत मांडत. विळा, कुऱ्हाड, पाभर, मुसळ, सुपारीचा अडकित्तासुद्धा. हळद-कुंकू, झेंडूचं फूल. आणि त्या दिवशी कशालाही काम लावायचं नाही. वर्षभर राबतं, एक दिवस त्याला विसावा. माझा बाप त्या दिवशी चाकूनं कांदासुद्धा चिरू देत नसे. लॅबमध्येही मी दरवर्षी तेच करायचे. मॅडम पेढे आणायच्या, पोरं हसायची, पण सगळी मशीनं बंद करून त्यांना कुंकू लागायचं. फ्रीझर तेवढा कधीच बंद होत नसे. त्याच्या बटणाला लाल पट्टी होती. पहिल्या दिवशीच मला बजावलेलं, लाल पट्टीला हात लावायचा नाही. सहा वर्षांत लावला नाही.

त्या वर्षीच्या नवमीच्या आदल्या आठवड्यात लाल पट्टीच्या बटणातून जळका वास आला. वायरमननं फ्रीझरची पिन काढून पलीकडच्या बोर्डाला लावली आणि जुनं बटण दुरुस्त करून तसंच ठेवलं. पट्टी कोणी काढली नाही. पोरीनं नव्या बोर्डावर कागद चिकटवला. तो गुरुवार होता आणि मी शेगावला दर्शनाला गेले होते. शुक्रवारी आले तेव्हा कागद दिसला. तिथं भिंतीवर वीस कागद असतात, सगळे इंग्रजीत. त्यातला हा एकविसावा. मी विचारलं नाही. विचारलं की कोणीतरी मान वर करून पाहतं, ही वाचू शकत नाही म्हणून. ते मला नको वाटतं. म्हणून मी सहा वर्षांत एकाही कागदाचं विचारलं नव्हतं.

नवमीला कॉलेजात मी आणि दरवाज्यावरचा माणूस, दोघंच. मी काचा धुतल्या, पिपेट पुसून ओळीनं मांडल्या, जेलचा डबा, थरथरवायचं मशीन, गरम पाण्याचं मशीन, सगळ्यांना कुंकू लावलं. फ्रीझरच्या दारालाही लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. आधी कुंकू, मग बटणं, हा माझा क्रम. लाल पट्टीचं सोडून बाकी दोन्ही बोर्डांची बटणं एकेक करून खाली केली आणि दाराला कुलूप लावून घरी गेले. फ्रीझरचा आवाज थांबला असणार. बाहेर देवीच्या मांडवात स्पीकर चालू होता आणि मला तसंही कमी ऐकू येतं. फ्रीझरला लाईट गेल्यावर वाजणारी घंटी होती, तिची बॅटरी संपलेली होती. मॅडमनं दोनदा लिहून दिलं होतं.

नवमी, दसरा, शनिवार, रविवार. चार दिवस.

सोमवारी मॅडम आल्या तोवर पोरगी तशीच मूठ मिटून स्टुलावर बसलेली. मॅडमनं सगळं ऐकलं. मला म्हणाल्या, "तुम्हाला एकदा विचारता येत नव्हतं?"

"येत होतं," मी म्हटलं.

तेव्हा पोरगी बोलली. "कागद मी इंग्रजीत लिहिला, मॅडम. इथं सगळेच वाचतात म्हणून."

बोलून झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांत मी नव्हते, हे तिला तेव्हा कळलं. मला आधीपासून माहीत होतं. पण त्यानं माझं बटण दाबणं कमी होत नाही. कागद न वाचता येणं वेगळं आणि न विचारणं वेगळं.

मॅडम म्हणाल्या की नळ्या दोन ठिकाणी ठेवायला हव्या होत्या. हेही खरंच होतं. नंतर सगळेच शहाणे होतात.

"डीएनए टिकला असेल," मॅडम तिला समजावत होत्या. "तो चिवट असतो. तेवढा तरी..."

"डीएनएवरून ताईच्या अंगात काय लिहून होतं ते समजीन," पोरगी म्हणाली. "त्याच्यावर कोण बसत होतं, किती घट्ट बसत होतं, ते नाही समजणार. मले तेच पाह्यजे होतं."

तिनं तरीही जेल लावलं. मॅडम म्हणाल्या काही उपयोग नाही, ती म्हणाली चालवते. मी काचा सात पाण्यांनी धुतल्या, बर्फ भरला. ती माझ्याशी बोलली नाही, पण काचा माझ्याच हातच्या घेतल्या. आईचं, बहिणीचं, तिचं स्वतःचं, तिन्ही चार दिवस उबलेली प्रोटीनं. अडीच तासांनी निळ्या उजेडाखाली पाहिलं. वर काहीच नाही. तिन्ही ओळींत एकच पट्टा, अगदी तळाशी. तिन्ही गाड्या रिकाम्या.

तिनं फोटो काढला आणि जेल कचऱ्यात टाकलं. आईचं आणि तिचं रक्त परत घेता येणार होतं.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. पोरीनं तो टेबलावर ठेवला नाही, कानाला लावला. "हाव आई. चालू आहे," असंच म्हणाली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "असं किती दिवस सांगशीन?"

"तुमी सांगा मंग," ती म्हणाली. रागात म्हणाली, पण बरोबरच म्हणाली.

रविवारी मी गेले. दोन बस बदलून फाट्यावर उतरले आणि विचारत विचारत घर गाठलं. आई ओसरीवर सोयाबीन पाखडत होती. अंगानं पोरीसारखीच किडकिडीत, डोळे पिवळट. मी कोण ते सांगितलं तशी तिनं सूप बाजूला ठेवलं.

"तुमीच का त्या मावशी? काचावाल्या? पोट्टी सांगते, मावशीनं धुतली काच तर डोळे झाकून घ्यावं."

तिनं पाणी दिलं. मी प्याले नाही. आधी सांगितलं. नवमी, बटण, कागद, चार दिवस. मी काहीच वगळलं नाही. ती ऐकत होती आणि एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट दाबत होती. नंतर पोरीनं सांगितलं की दुखायला लागलं की ती तसं करते.

"म्हंजे ताईचं आता काहीच नाही तिथं?"

"नाही. दोन फोटो आहेत जेलचे."

"तोंडाचे?"

"नाही बाई. पट्ट्यांचे."

तिनं सूप परत जवळ ओढलं. मग विचारलं, "तुमी त्या फ्रीझरले कुंकू लावलं म्हणता?"

"लावलं."

"हात जोडले?"

"जोडले."

"मंग ती सवाशीण असल्यासारखी गेली म्हणायची दुसऱ्या खेपेले," ती म्हणाली. "पहिल्या खेपेले तर हळदही लागली नव्हती तिले." आणि मग आवाज चढवून, "बाई, तुमचं वय काय? एवढं वय झालं अन तुमाले एक गोष्ट विचारता नाही आली कोणाले? माही थोरली पहिले सहा महिने आजार लपवून राह्यली होती, लाज वाटते म्हणून. तिची लाज मले समजते. तुमची काय लाज होती?"

मी पिशवी उचलली.

मी उठले तेव्हा तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "पाणी पिऊन जा. दारातून तहानलेलं माणूस पाठवत नाही आमी." मी उभ्यानंच पाणी प्याले. ती म्हणाली, "पोट्टीले सांगजा, माहं रक्त लागत असन तर या आठवड्यात घेऊन जाय म्हणा. मी जिती आहो तोवर."

पोरीनं ते घेतलं. पेशी वाढवायला, प्रोटीन काढायला हिवाळा गेला. बाहेरून मागवलेलं ते दुसरं प्रोटीन तोवर येऊन थांबलं होतं. जेल ओतलं त्या दिवशी तिनं सवयीनं तीन खाचा धरल्या. आईची, मधली, स्वतःची. मॅडम म्हणाल्या, मधली रिकामी कशाला ठेवतेस, दोन ओळी शेजारी चालव, तुलना नीट दिसते. तिनं ऐकलं. आईच्या ओळीत दुसरं प्रोटीन टाकल्यावर वरचा पट्टा जवळजवळ पुसला गेला आणि खालचा वाढला. तिनं तेच आणखी दोनदा करून पाहिलं, आणि आईच्या अंगात कुलूप उचकटलं जातं हे तीनदा दिसलं. तिचा अंदाज अर्धा खरा निघाला. दुसरा अर्धा कधीच कळणार नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून सर आले होते. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा ते विचारत होते की बहिणीच्या नमुन्यावर हाच प्रयोग का केला नाही. पोरगी म्हणाली, "फ्रीझर बंद पडला होता." मी दारात ट्रे धरून उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी कप ठेवून बाहेर आले. तिला पदवी मिळाली. आता ती दुसऱ्या राज्यात कुठल्याशा मोठ्या लॅबमध्ये आहे. जाताना पाया पडली, सगळ्यांच्या पडली, माझ्याही पडली.

मी अजून काचा धुते. मॅडमनं मला काढलं नाही. फ्रीझरच्या दोन्ही बाजूंना आता मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे. शिवाय कुठलाही नवा कागद लागला की मी जाऊन विचारते, हे काय लिहिलं. पोरं हसतात. खंडेनवमीला मी लॅबमध्ये कुंकू लावत नाही.

गेल्या महिन्यात वडनेरकडचा एक माणूस भेटला. त्याला मी त्या घराचं विचारलं. म्हणाला, बाई शेतात जाते, मधे दवाखान्यात होती पण आता बरी आहे.

त्या घरात हा आजार दोघींना होता. मुलगी वारली. आई जिवंत आहे.